गोल आकड्याचा अंक आणि रुसलेला वाचक

ताई,
अकरा वर्षांचा असल्यापासून मी एकाच सुपरहिरोचं कॉमिक वाचतो आहे. आता चाळिशी उलटली. या काळात लेखक बदलले, चित्रकार बदलले, नायक एकदा मेला आणि परतही आला, तरी मी टिकलो. गेलं वर्षभर एका मोठ्या गोल आकड्याच्या अंकाची जाहिरात चालू होती. तो एकदाचा हातात पडला. जाडजूड आणि नेहमीच्या दुप्पट किमतीचा. मुख्य कथेत सगळे जुने खलनायक एकामागून एक येऊन हजेरी लावून गेले. ज्या रहस्याचा उलगडा होणार म्हणून डंका पिटला होता, ते पुढच्या मालिकेवर ढकललं. उरलेल्या पानांत छोट्या छोट्या गोष्टी, आणि प्रत्येकीत नायक किती थोर हेच. मी वेगवेगळ्या मुखपृष्ठांच्या तीन प्रती घेऊन बसलो आहे.

माझा मोठा भाऊ लहानपणी माझ्याबरोबर हेच वाचायचा. त्यानं ते सोडून बरीच वर्षं झाली. "या अंकापासून पुन्हा सुरू कर," असं म्हणत मी त्याच्या मागे लागलो. त्यानं तो वाचला, बाजूला ठेवला आणि म्हणाला, "एवढ्यासाठी थांबला होतास?" मला उत्तर सुचलं नाही.

मासिक बंद करू का? लेखकाला खरमरीत पत्र लिहू का? या तीन प्रतींना पुढे काही किंमत येईल का? आणि दादाला काय सांगू?
एक जुना वाचक

प्रिय जुने वाचक,

तुमच्या नायकाचं नाव तुम्ही लिहिलं होतंत, मी ते गाळलं आहे. वर्णन वाचून किमान चार नायकांच्या चाहत्यांना हा आपलाच अंक वाटेल, आणि ते सगळेच बरोबर असतील.

तुमचा राग खोटा नाही. दुप्पट पैसे घेऊन अर्धी गोष्ट देणं ही फसगतच. पण तीस वर्षांच्या वाचनाचा निकाल तुम्ही या एका अंकावर लावायला निघाला आहात, ते मला पटत नाही. गोल आकड्याचा अंक ही सत्कारसभा असते. तिथे ओळीनं माणसं उठतात, उत्सवमूर्तीबद्दल चांगलं बोलतात आणि बसतात. उत्सवमूर्ती स्वतः त्या संध्याकाळी काही काम करत नाही. तुम्ही तिथे काम बघायला गेलात.

हे अंक घडतात कसे ते बघा. तारीख आधी ठरते, कथा नंतर. पानं वाढवायची म्हणून डझनभर लेखक-चित्रकारांना बोलावलं जातं आणि प्रत्येकाच्या वाट्याला मोजकी पानं येतात. तेवढ्या जागेत नायकाला खऱ्या पेचात टाकून बाहेर काढणं अवघड असतं, म्हणून बहुतेक जण सोपी वाट धरतात: हा नायक माझ्यासाठी काय आहे, ते सांगायचं. नेहमीचा लेखक एकतर आपली जुनी कथा घाईनं गुंडाळत असतो, नाहीतर नव्या कथेचं आमिष लावत असतो. यात कुणी कामचुकार असतोच असं नाही. साचाच तसा आहे.

'अ‍ॅक्शन कॉमिक्स'चा १००० वा अंक एप्रिल २०१८ मध्ये आला. ८० पानं, ७.९९ डॉलर, आणि प्रत्येक दशकाच्या शैलीतलं एकेक पर्यायी मुखपृष्ठ. त्यातली शेवटची कथा होती ब्रायन मायकल बेंडिस या नव्यानं आलेल्या लेखकाची. तिनं एक नवा खलनायक आणला आणि सुपरमॅनला पुढच्या मालिकेच्या उंबऱ्यावर सोडून दिलं. पुढच्या वर्षी मार्चमध्ये 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स' या बॅटमॅनच्या मासिकाचा १००० वा आला, ९६ पानं, ९.९९ डॉलर. त्याचाही शेवट पुढच्या महिन्यातल्या खलनायकाची ओळख करून देण्यात गेला. तुमच्या अंकात जे झालं ते या दोन्हींत झालं होतं.

तरी सुपरमॅनच्या त्या हजाराव्या अंकात एक छोटी गोष्ट आहे, जी मी कुणालाही वाचायला देईन. १९३८ च्या पहिल्या अंकाच्या मुखपृष्ठावर सुपरमॅन एक हिरवी मोटार उचलून आपटतो, ते चित्र तुम्हाला पाठ असेल. जेफ जॉन्स आणि रिचर्ड डोनर यांनी विचारलं, त्या मोटारवाल्याचं पुढे काय झालं? बस्स. मोडकी गाडी, तिचा मालक आणि त्याला भेटायला आलेला सुपरमॅन. स्तुतीचं भाषण करायला बोलावलेल्या दोघांनी भाषण टाळून गोष्ट सांगितली. तुमच्या जाड अंकातही असं एखादं पान असेल. रागाच्या भरात ते उलटून गेलं असेल, तेव्हा महिन्याभरानं एकदा पुन्हा चाळा.

हा रोग नवा नाही. 'फँटास्टिक फोर' या नायकांच्या चौकडीच्या मासिकाचा शंभरावा अंक १९७० चा, स्टॅन ली आणि जॅक कर्बी या मूळ जोडीचाच. त्यात जुने शत्रू रांगेनं येतात, आणि कळतं की ते खरे नाहीतच, दोन खलनायकांनी बनवलेले यंत्रमानव आहेत. लीचीच कथा असलेला 'अमेझिंग स्पायडरमॅन'चा शंभरावा १९७१ चा. पीटर पार्कर, म्हणजे स्पायडरमॅनच, शक्ती घालवण्यासाठी एक औषध पितो, मग अंकाचा मोठा भाग स्वप्नात जातो, आणि स्वप्नात कोण येतं? तेच, सगळे जुने शत्रू. शेवटी जागा होतो तर अंगाला चार जादा हात फुटलेले. एवढ्या सोहळ्याचा शेवट टांगणीवर! 'बॅटमॅन'चा चारशेवा १९८६ मध्ये आला. सगळे खलनायक एकाच वेळी अर्कम वेड्यांच्या इस्पितळातून आणि तुरुंगातून सुटतात आणि भाग बदलेल तसा चित्रकार बदलतो. हजेरीपटच.

आता त्यांच्या शेजारचे अंक बघा. याच किंवा अशाच मालिकांचे, ज्यांच्या मुखपृष्ठावर कुठलाही सोनेरी आकडा नाही. बॅटमॅनच्या चारशेव्यानंतर चारच महिन्यांनी, ४०४ पासून ४०७ पर्यंत, फ्रँक मिलर आणि डेव्हिड मॅझुकेली यांनी बॅटमॅनच्या पहिल्या वर्षाची कथा सांगितली, आणि ती आजही त्या नायकाच्या सर्वोत्तम कथांत मोजली जाते. स्पायडरमॅनवर अजस्र यंत्र कोसळलंय, पाणी भरतंय, आणि आजारी मे काकूचं औषध समोर पडलंय: स्टीव्ह डिट्कोनं काढलेली ती पानं ३३ व्या अंकात आहेत. पीटरची प्रेयसी ग्वेन स्टेसी पुलावरून पडली १२१ व्या अंकात, १९७३ साली. एक्स-मेन या नायकांच्या पथकातल्या जीन ग्रेचा मृत्यू १३७ व्यात. १२१, १३७, ४०४: हे आकडे साजरे करण्यासाठी कुणी वर्षभर जाहिरात केली नव्हती.

मला सगळ्यात आवडतो तो 'फँटास्टिक फोर'च्या पन्नासाव्याचा किस्सा. १९६६ मध्ये ली आणि कर्बी यांनी ४८ व्या अंकात गॅलक्टस नावाचा ग्रह गिळणारा प्राणी पृथ्वीवर आणला. आजच्या हिशेबानं पन्नासावा अंक म्हणजे महायुद्ध, दुप्पट पानं आणि चकाकतं मुखपृष्ठ. त्यांनी काय केलं? गॅलक्टसचा निकाल अंक संपण्याच्या बराच आधी लावला आणि उरलेल्या पानांत चौकडीतल्या जॉनीला कॉलेजात धाडला. गोल आकड्याचं त्यांना काही सोयरसुतकच नव्हतं. आणि लगेचचा ५१ वा, जिथे चौकडीतल्याच बेनचं रूप एक परका माणूस चोरतो आणि शेवटी स्वतःचा जीव देऊन त्यांच्यातल्या रीडला वाचवतो, तो अनेकांच्या मते या मालिकेचा सर्वोत्तम अंक आहे. विश्व वाचवून झाल्यावर एका हेवा करणाऱ्या माणसाची गोष्ट.

अपवाद आहेत, ते लपवत नाही. स्पायडरमॅनचा पन्नासावा, ज्यात पीटर पोशाख कचऱ्याच्या डब्यात टाकून पाठ फिरवतो, तो उत्तम आहे. तीनशेव्यानं व्हेनम हा खलनायक दिला. आणि १९९५ चा चारशेवा, ज्यात मे काकू पीटरला सांगते की तुझं गुपित मला कधीचंच माहीत होतं, आणि मग जाते, तो वाचून भले भले गप्प झाले. तीन वर्षांनी कंपनीनं जाहीर केलं की मेलेली बाई काकू नव्हतीच, ती एक नटी होती! लोक चिडले. चिडणं योग्यच होतं. पण १९९५ चा अंक कपाटातून काढून पुन्हा वाचला तर तो आजही तेवढाच चांगला आहे. पुढे कुणी काय खोडलं, त्यानं छापलेली पानं बदलत नाहीत. तुमच्याही नायकाचं जे काही या अंकानं 'झालंच नव्हतं' ठरवलं असेल, त्याला हेच लागू.

आकड्याबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स' सुरू झालं मार्च १९३७ मध्ये, 'अ‍ॅक्शन' जून १९३८ मध्ये. मग धाकटं हजारावर आधी कसं पोचलं? कारण १९८८-८९ मध्ये 'अ‍ॅक्शन' काही काळ साप्ताहिक होतं, ६०१ ते ६४२ हे अंक भराभर निघाले, तर 'डिटेक्टिव्ह' सत्तरच्या दशकात काही काळ दोन महिन्यांनी एकदा निघायचं. शिवाय २०११ मध्ये दोन्ही पुन्हा १ पासून सुरू केली आणि २०१६ मध्ये, हजार जवळ दिसू लागल्यावर, जुने आकडे परत आणले. स्पायडरमॅनचंही तेच: १९९९ मध्ये नव्यानं १, मग ५८ व्या अंकानंतर एकदम ५००. तुम्ही ज्या आकड्याची वर्षभर वाट पाहिलीत तो कुणीतरी टेबलाशी बसून बेरीज करून ठरवला असण्याची दाट शक्यता आहे. त्याला एवढा मान देऊ नका.

तीन प्रतींचं सरळ सांगते: त्यातून पैसे होणार नाहीत. 'अ‍ॅक्शन'चा पहिला अंक दहा सेंटला मिळायचा. २०१४ मध्ये त्याची एक प्रत ३२ लाख डॉलरला गेली. का? कारण पोरांनी तो वाचला, फाडला, आयांनी रद्दीत घातला, आणि फार थोड्या प्रती उरल्या. याउलट १९९१ चा 'एक्स-मेन'चा पहिला अंक पाच मुखपृष्ठांसह ८० लाखांच्या घरात खपला, कारण तो पुढे महाग होईल असं सगळ्यांना वाटलं. नोव्हेंबर १९९२ मध्ये सुपरमॅन मेला तो ७५ वा अंक काळ्या पिशवीत बंद करून विकला, आणि लाखो लोकांनी ती पिशवी न फोडता जपली. आजही ती सहज मिळते. सगळ्यांनीच जपलेली वस्तू दुर्मीळ होत नाही. त्या लाटेनं पुढे बाजारच बुडवला, कित्येक दुकानं बंद पडली, आणि १९९६ च्या अखेरीस स्पायडरमॅन आणि एक्स-मेन छापणाऱ्या मार्व्हल कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला. एखादं मुखपृष्ठ खरंच देखणं असेल तर चौकटीत लावा. बाकीच्या दोन ज्याला हव्या त्याला द्या. दादाला नको.

खरमरीत पत्र? लेखकाला नको. पानं किती, तारीख कुठली, मुखपृष्ठं किती, शेवटाला कुठल्या मालिकेची जाहिरात, यातलं बरंचसं त्याच्या हातात नसतं, आणि समाजमाध्यमांवर त्याला गाठून बोलणं तर अगदीच नको. संपादकाला मात्र जरूर लिहा, आठवडा जाऊ द्या आणि मग लिहा. 'निराशा झाली' एवढंच लिहिलं तर त्याचा उपयोग शून्य. 'रहस्य याच अंकात उलगडेल अशी जाहिरात होती, उलगडलं नाही, मी दुप्पट पैसे दिले' असं लिहा. कॉमिकच्या जगात वाचकाच्या पत्राला जुनी प्रतिष्ठा आहे. स्पायडरमॅनच्या त्या चार जादा हातांचं लचांड १०१ व्या अंकात ज्यानं निस्तरलं, तो लेखक रॉय थॉमस आधी पत्रं लिहिणारा चाहताच होता. (त्याच अंकात त्यानं मॉर्बियस हे नवं पात्र आणलं, म्हणजे इथेही शंभरावा नाही, त्याच्या पुढचाच कामाचा निघाला.)

मासिक बंद करायचं का, ते हा अंक बाजूला ठेवून ठरवा. गेल्या वर्षभरातले साधे अंक काढा. ते आले त्याच दिवशी वाचलेत की गठ्ठ्यात गेले? मधला एखादा अंक कशाबद्दल होता ते न बघता सांगता येतं का? येत असेल तर तुम्ही वाचक आहात. तसं असेल तर आणखी तीन-चार अंक थांबा, कारण सोहळा उरकल्यावर लेखकाला पुन्हा श्वास घेता येतो. गठ्ठा न उघडलेलाच असेल, तर तुम्ही मासिक केव्हाच सोडलं आहे, फक्त पैसे देणं सोडलेलं नाही. मग खुशाल बंद करा आणि अपराधी वाटून घेऊ नका. पुढे एखादी कथा चांगली असल्याचं कानावर आलं तर पुस्तकरूपात एकत्र घेऊन वाचता येते. आणि पुढच्या वेळी आकड्याच्या मागे न जाता लेखक-चित्रकारांच्या मागे जा. आवडता चित्रकार दुसऱ्या मासिकात गेला तर तुम्हीही जा, नायकाला राग येत नाही. मात्र बंद करायचं ठरलंच तर दुकानदाराला लवकर सांगा. तुमच्या नावाचे पुढचे अंक त्यानं आधीच मागवलेले असतात, आणि अशा दुकानांत न खपलेला माल सहसा परत जात नाही. तुमच्या रुसव्याचा भुर्दंड त्याला नको.

राहिला दादा. तुमच्या पत्रात अंकाबद्दल बरंच लिहिलंय आणि त्याच्याबद्दल थोडंच, पण बोचतंय ते तिथेच, असं मला वाटतं. तुम्ही त्याच्या हातात अंक ठेवलात तेव्हा मनात असं होतं की बघ, मी इतकी वर्षं उगाच नाही वाचत. अंकानं तुमची बाजू लढवली नाही. त्याच्या बोलण्यातला उपहास तुमच्या वाट्याला आला, पण तो अंकासाठी होता. आणि खरं सांगायचं तर वर्षानुवर्षं दूर असलेल्या माणसाला असा अंक देणंच चुकीचं. जाहिरात काहीही म्हणो, हे अंक आतल्या लोकांसाठी असतात. कोण आलं, कुणाचा संदर्भ, कुठल्या जुन्या मुखपृष्ठाची नक्कल, यातला आनंद रोजच्या वाचकाचा. मधली वर्षं ज्यानं वाचली नाहीत त्याला फक्त गर्दी दिसते.

त्याला सांगा, "दादा, अंक फसलाच." बचाव करू नका, आणि 'पुढचा नक्की चांगला असेल' असंही म्हणू नका. मग त्याला एवढंच विचारा की लहानपणी वाचलेल्यांपैकी त्याला कुठला अंक आठवतो. माझी पैज आहे, तो गोल आकड्याचा नसेल. तो सापडला तर दोघांनी मिळून वाचा. गेल्या काही वर्षांतली एखादी छोटी, आपल्यापुरती पूर्ण असलेली कथाही सुचवा, चार-सहा अंकांची, जिला मागचं-पुढचं माहीत असायची गरज नाही. त्यानं वाचली तर बोला, नाही वाचली तर पुन्हा मागे लागू नका. कॉमिक सोडलेला भाऊ हा बिघडलेला भाऊ नव्हे, त्याला दुरुस्त करण्याची जबाबदारी तुमच्यावर कुणी टाकलेली नाही.